बैलबाजारातून आलेला आवाज

सत्तरच्या दशकात जवळा बाजारच्या आठवडी बाजारात रेडिओवाल्याकडे वॉकी-टॉकीच्या दोन जोड्या आल्या होत्या. बिनतारेनं बोलायचं ते यंत्र मला हवंच होतं. पण माझ्या आधी एक धोतरवाला पुढे घुसला, आणि माझा नुसता जळफळाट झाला.

मळ्यातून घरी बोलायला त्याला जोडी पाहिजे होती. एकेक जोडी तपासायला त्यानं बायकोला यंत्र देऊन पार बैलबाजारात धाडलं, आणि दुसरं कानाशी धरून डोळे मिटले.

"ऐकलं का?" तिचा आवाज आला. नवऱ्याचं नाव ती घेणार थोडीच! तो 'हूं' म्हणाला आणि ती समोर असल्यासारखी त्यानं मान डोलावली.

एका जोडीचा आवाज खणखणीत होता. त्यानं खरखरणारी उचलली.

"काहून हो? ती चांगली हाय की," दुकानदार म्हणाला.

"आसंल. पर त्याच्यात ती मपली कारभारीन वाटत न्हाई."

दोघं गेली. चांगली जोडी माझ्यासाठीच उरली होती.

"घ्या साहेब, तपासून घ्या," दुकानदार म्हणाला. "बैलबाजारात कुणाला धाडता?"

मी एक यंत्र कानाशी धरलं, दुसरं कुणाच्या हातात द्यायचं ते सुचेना, आणि दोन्ही परत दिली.