हळदीच्या मांडवातला मुद्देमाल

ती घटना आठवली की मला आधी हसू येतं आणि मग छातीत धस्स होतं. निवृत्तीनंतर लोक म्हणतात, साहेब, एखादा खून सांगा, एखादा दरोडा सांगा. मी त्यांना थर्माकोलच्या एका पांढऱ्या डब्याची चोरी सांगतो. सुरुवातीला त्यांचा चांगलाच हिरमोड होतो. यातल्या कोणाचंही नाव मी लिहिणार नाही, कारण ती माणसं अजून भिवंडीतच आहेत आणि त्यांच्या लग्नकार्यांची बोलावणी मला अजून येतात.

दोन हजारचं दशक तेव्हा अर्धं सरलं होतं. भिवंडीच्या ग्रामीण भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. वडप्याच्या बाजूला भाताची शेतं जाऊन गोदामं उभी राहत होती आणि आमच्या स्टेशन डायरीतल्या नोंदीही त्याबरोबर बदलत होत्या. पूर्वी बांधावरून डोकी फुटायची, आता टायर, टीव्ही आणि शाम्पूच्या पेट्या चोरीला जायच्या. गोदामात काम करणारी पोरं बहुतेक आसपासच्या आगरी गावांतली. ज्या जमिनीत बाप पेरणी करायचा, तिथंच मुलगा शिफ्टमध्ये माल चढवायचा.

मे महिन्यातली सकाळ. हजेरी नुकतीच आटोपली होती. एका गोदामाचा मॅनेजर आणि त्याच्या मागोमाग एक किडकिडीत, पन्नाशीचे गृहस्थ आत आले. मॅनेजरची तक्रार होती की शीतगृहातून औषधाच्या इंजेक्शनांचा एक डबा गेला. त्याने किंमत सांगितली तेव्हा फिर्याद लिहून घेणाऱ्या माझ्या हवालदाराने पेन खाली ठेवलं आणि आकडा पुन्हा विचारला.

"किमतीचं सोडा साहेब," मागचे गृहस्थ म्हणाले. ते निजामपुऱ्यातले लूमवाले होते, यंत्रमाग चालवणारे. "ती दवा माझ्या बहिणीची आहे. परवा तिला मुंबईच्या हॉस्पिटलात चढवायची होती. आज फोन आला, येऊ नका, माल चोरीला गेला. मी विचारलं, कुठून? तर म्हणाले, भिवंडीतून! आता सांगा, माझ्याच गावात चोरी झाली, तर मी घरी कसा बसू?"

बहीण उर्दू शाळेत शिक्षिका. स्तनाचा कर्करोग झाला होता. ऑपरेशन झालं, केस गेले, उलट्यांचे दिवस झाले. आता हे एक औषध ठरावीक दिवसांनी घ्यायचं होतं आणि त्याने तिची तब्येत खरोखर सुधारत होती. त्या डब्यात तिच्यासाठी आणि आणखी काही रुग्णांसाठी औषध होतं. ते परदेशातून येई आणि पुढची खेप यायला कित्येक आठवडे होते.

मी तिच्या डॉक्टरांना फोन लावला. मला फक्त एवढंच विचारायचं होतं की डबा मिळाला तर ओळखायचा कसा. पण डॉक्टर बोलके निघाले. आपलं शरीर रोगाशी लढायला प्रतिपिंडं तयार करतं. हे औषध म्हणजे तसंच एक प्रतिपिंड, पण माणसाने मुद्दाम घडवलेलं, जिवंत पेशींकडून बनवून घेतलेलं. काही कर्करोगांच्या पेशींवर एक विशिष्ट खूण दाट असते. हे प्रतिपिंड रक्तातून फिरत जातं, ती खूण हुडकतं आणि तिलाच चिकटतं. बाकीच्या पेशींच्या वाटेला ते सहसा जात नाही.

"म्हणजे आरोपीचं वर्णन पक्कं असल्यासारखं," मी म्हणालो.

"अगदी! पण हे प्रथिन आहे, इन्स्पेक्टर. अंड्यातला पांढरा भाग शिजला की पुन्हा पातळ होत नाही ना? तसं हे तापलं की गेलं. गोठलं तरी भरवसा नाही. दोन ते आठ अंशांत राहिलं तरच औषध. मला तिच्या उपचारात खंड पडू द्यायचा नाही. आत्ता कुठे चांगलं चाललंय."

बाहेर डांबर वितळत होतं. मी गाडी काढली.

गोदामात पोचल्यावर चोरी कशी झाली असावी ते लवकरच कळलं. असे डबे तिथे आले की त्यांचा बाहेरचा पुठ्ठ्याचा खोका काढायचे, आतल्या थंडाव्याच्या जेलच्या पिशव्या बदलायचे, थर्माकोलला नवी चिकटपट्टी लावायचे आणि मग पुन्हा खोक्यात घालायचे. औषधाचं नाव, सूचना, जे काही लिहिलेलं असे ते खोक्यावर; थर्माकोलच्या पट्टीवर फक्त खोलीचा बारीक शिक्का. आदल्या संध्याकाळी शिफ्ट बदलताना नेमका हा डबा उघडाबोडका बाकावर राहिला होता.

कोणी बाहेरचा आला नव्हता. म्हणजे काम आतल्या माणसाचं. त्या शिफ्टच्या लोडरांना ठाण्यात आणलं. माझी खात्री होती की चोरीची औषधं विकणारी एखादी टोळी यामागे असणार. एकेकाला वेगळं बसवून मी विचारलं, "औषध कुठे आहे?" दरडावून विचारलं, चहा पाजून विचारलं. सगळे शपथा घेत होते. खोटं बोलणाऱ्याचे डोळे पळतात, निदान पाय तरी हलतात. यांचं तसं काहीच होत नव्हतं. आणि तरीही सगळे घाबरलेले होते, हे मला समजत नव्हतं. दुपार होत आली. लूमवाले गृहस्थ ठाण्याच्या बाकावर बसून होते. मी बाहेर आलो की उभे राहायचे, माझा चेहरा पाहून पुन्हा बसायचे.

अशा वेळी आमच्या ठाण्यात एक कोळीण आली. कशेळीची, पाटी डोक्यावर, तोंड पहिल्यापासूनच सुटलेलं. तिची तक्रार आमच्या हवालदाराकडे होती, कारण तो तिच्या नात्यातला.

"भावा, तुज्या पोलिसांचा उपेग काय हाय का न्हाय? वडप्याच्या पल्याड हळद हाय आज. मोठं घर. कोलंबी माज्याकडं सांगितलेली. आज सकाळी गेली तं बोलतान, नको! आमच्याकडं गोदामातली एक्स्पोर्टची कोलंबी आलीया. आता ही मी कुणाच्या डोक्यावर ओतू?"

हवालदार तिची समजूत घालत होता. मी मात्र जागीच उभा राहिलो. मॅनेजरला विचारलं, "तुमच्या शीतगृहात कोलंबी असते?"

"असते ना साहेब. निर्यातीची. असेच पांढरे डबे. औषधाच्या शेजारच्याच खोलीत."

वाचकांपैकी कोणी आगरी असेल तर त्याला पुढचं सांगायची गरज नाही. लग्न एक वेळ साधं चालेल, पण हळद दणक्यात झाली पाहिजे, अशी तिकडची रीत. हळदीला काय वाढलं यावर घराची अब्रू तोलली जाते, आणि कोलंबी किती मोठी होती हे गाव वर्षभर बोलतं.

त्या घरची नवरी आमच्या एका लोडरची भाची आहे, हे हवालदाराने कोळिणीकडून काढून घेतलं. त्याला पुन्हा आत बोलावलं आणि या वेळी शांतपणे विचारलं, "मामा, कोलंबीचा डबा कुठाय?"

त्याचा चेहराच उतरला. "साहेब, चुकी झाली. एकच डबा हाय. भाचीची हळद हाय, मंग... सगळेच कवातरी नेतान, साहेब. पन दवा न्हाय नेली मी! आईशपथ न्हाय!"

म्हणून ते सगळे घाबरलेले होते आणि म्हणूनच त्यांच्या शपथा खऱ्या होत्या. कधी ना कधी प्रत्येकाने दोन कोलंब्या खिशात घातल्या होत्या. औषधाला मात्र कोणी हात लावला नव्हता, निदान त्यांच्या समजुतीप्रमाणे.

"डबा उघडलास?"

"न्हाय. तसाच बर्फात ठेवलाय. आचारी आता उघडंल."

आमची जीप त्या दुपारी जशी पळाली तशी मी तिला कधी पळवली नव्हती. मांडवात पोचलो तेव्हा धवलारीण लग्नाची गाणी गात होती आणि नवरीच्या गालाला बायका हळद लावत होत्या. माझ्या सूचनेवरून शिपाई बाहेरच थांबले. मी, हवालदार आणि तो लोडर मागच्या दाराने परसात गेलो. मला त्या मुलीच्या हळदीत पोलिसांची शिट्टी नको होती.

परसात निळ्या प्लास्टिकच्या मोठ्या पिंपांत बर्फाचा चुरा भरला होता. एका पाटावर आचारी सुरी घेऊन बसला होता आणि त्याच्यासमोर एक पांढरा डबा उघडा पडला होता. वाकून पाहिलं तर त्यात पापलेटं होती.

"दुसरा डबा?" मी विचारलं.

"खाली हाय, पिंपात," आचारी म्हणाला. "सोलायला बायका आल्या का काढतो."

हवालदाराने कोपरापर्यंत हात बर्फात घातला आणि डबा वर काढला. चिकटपट्टी जशीच्या तशी होती. लोडरने वाकून पट्टीवरचा औषधाच्या खोलीचा शिक्का पाहिला आणि मटकन खालीच बसला. "म्हंजी ही कोनाची तरी दवा हाय?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता.

आता खरी अडचण सुरू झाली. आमच्या पद्धतीप्रमाणे मुद्देमाल हस्तगत झाला की पंचांसमक्ष उघडायचा, मोजायचा, लाख वितळवून सील करायचा आणि मुद्देमाल खोलीत ठेवायचा. हवालदार इतका शिस्तीचा की मेणबत्ती आणि लाख त्याने जीपमधून आणलीसुद्धा होती. आमची मुद्देमाल खोली म्हणजे पत्र्याचं छप्पर, आत गावठी दारूचे कॅन आणि मारामाऱ्यांतल्या काठ्या. मे महिन्यात तिथे उंदीर राहत नव्हते. चोराने बर्फात जपलेलं औषध पोलिसांनी कायदेशीरपणे शिजवलं असतं!

मी मेणबत्ती विझवायला लावली. न उघडता पंचनामा केला आणि डबा थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात नेला. तिथे लसींसाठी खास फ्रिज होता, वीज गेली तरी बराच वेळ थंड राहणारा. भिवंडीत वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्याने तो फ्रिज लाखमोलाचा. तिथल्या वैद्यकीय अधिकारी बाई म्हणाल्या, "पोलिओच्या डोसांशेजारी जागा आहे. पण हे कोणत्या नियमात बसतं?"

"शोधून सांगतो," मी म्हणालो. फ्रिजपाशी बंदोबस्ताला एक शिपाई नेमला. नोकरीतली सर्वांत गार ड्युटी म्हणून तो ती अजून सांगतो.

संध्याकाळपर्यंत औषध कंपनीकडून तपासणीसाठी एक तरुण मुलगी मुंबईहून आली. पंचांसमोर तिने डबा उघडला. कुप्या शाबूत होत्या. आत तापमान टिपणारं छोटं यंत्र होतं, ते तिने लॅपटॉपला जोडलं. पडद्यावरची रेघ बर्फात गेल्यापासून खाली खाली उतरत होती. लूमवाले गृहस्थ माझ्या शेजारी उभे होते. त्यांना त्या रेघेतलं काही कळत नव्हतं, मलाही नाही. आम्ही दोघं त्या मुलीच्या तोंडाकडे बघत होतो.

"दोनच्या अगदी जवळ गेलंय," ती म्हणाली. मग तिने रेघ पुन्हा एकदा शेवटपर्यंत पाहिली. "पण खाली नाही गेलं. चांगलं आहे. वापरता येईल."

गृहस्थांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि ते रडले. माझेही डोळे भरून आले. हवालदार भिंतीवरचा कुटुंबनियोजनाचा तक्ता फार लक्ष देऊन वाचू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायालय उघडताच मी अर्ज दिला. न्यायाधीशांनी तो वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. फोटो काढून घ्या, माल कंपनीला सुपुर्दनाम्यावर, म्हणजे हमीपत्र लिहून घेऊन, द्या, असा आदेश त्यांनी लगेच दिला. त्याच दिवशी डबा मुंबईला गेला आणि ठरलेल्या वेळी त्या बाईंना औषध चढलं.

लोडरवर गुन्हा दाखल झाला, जामीनही झाला. मी त्याला लग्न लागेपर्यंत थांबू दिलं नाही, हे त्याच्या बहिणीने मला बराच काळ ऐकवलं. पण मांडवातून त्याला मागच्या दाराने नेलं होतं, त्यामुळे भाचीचं लग्न नीट पार पडलं.

या केसने मला एक गोष्ट शिकवली. हस्तगत केलं, एवढ्याने आपलं काम झालं असं आम्ही समजतो. अहवालात मालवसुलीची टक्केवारी दिसते आणि वस्तू खोलीत कुजते. त्यानंतर मी जिथे जिथे गेलो तिथे चोरीची वस्तू मिळाली की आधी विचारलं, ही कोणाला हवी आहे आणि कधीपर्यंत? एका शिंपिणीचं मशीन, एका विद्यार्थ्याच्या पदवीचे कागद, एका म्हाताऱ्याचं ऐकू येण्याचं यंत्र, हे सगळं मी खटला संपायची वाट न बघता न्यायालयाकडून सोडवून दिलं. वरिष्ठ कधी कधी कुरकुरले.

खटला उभा राहायला तीनेक वर्षं गेली. मी बदलीच्या ठिकाणाहून साक्षीला आलो. सरकारी वकिलांनी त्या शिक्षिका बाईंनाही बोलावलं होतं. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ओढणीखाली दाट केस होते, हातात शाळेची पिशवी.

आरोपीचा वकील नवा, हुशारी दाखवायच्या घाईत होता. तो उठून म्हणाला, "माय लॉर्ड, चोरीचा माल कोर्टापुढे आहेच कुठे? फोटो सोडून काही नाही. मुद्देमाल दाखवा, मग बोलू."

सरकारी वकील कागद चाळू लागले. बाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी न्यायाधीशांकडे पाहिलं.

"साहेब, मी बोलू? मुद्देमाल इथंच आहे. माझ्या अंगात आहे. आजच शेवटची तपासणी दाखवून आले. डॉक्टर म्हणाले, काही शिल्लक नाही."

मग आरोपीच्या जागेवरून तो लोडर हात जोडून उभा राहिला. वकिलाने त्याला खाली ओढलं, तरी तो बसला नाही.

"मला गुन्हा कबूल हाय, साहेब," तो म्हणाला. "मीच नेलेला डबा. ताई बरी झाली, आता काय बी शिक्षा द्या."