महालक्ष्म्या मीच बसवणार

माझी उजवी छाती वयात आली आणि डावी आलीच नाही. एवढीच गोष्ट, पण आमच्या घरात ती वर्षानुवर्षं कोणी तोंडानं म्हटली नाही. आई फक्त शिवायची. माझा प्रत्येक ब्लाउज, प्रत्येक कुर्ता तिनं घरच्या मशीनवर शिवला आणि डाव्या बाजूला आतून कापसाची गादी बसवली. इतकी बेमालूम, की शाळेत, कॉलेजात, नंतर कारखान्याच्या ऑफिसात कोणाला पत्ता लागला नाही. घराजवळच्या गोरखपूर बाजारातल्या शिंपिणीच्या दुकानाची पायरी मी कधी चढले नाही. आईला त्या गादीचा भारी अभिमान होता. मला तिचा मनस्वी राग यायचा. जबलपूरचा मे महिना काय असतो ते इथं राहणाऱ्यालाच ठाऊक, आणि त्यात घामानं भिजलेली ती गादी अंगाला चिकटून बसायची.

एकदा ऑफिसची पिकनिक भेडाघाटला गेली. नावेत बसल्याबरोबर सगळ्याजणी एकमेकींवर पाणी उडवू लागल्या. मी छातीवर हातांची घडी घालून म्हातारीसारखी आकसून बसले, कारण गादी भिजली असती तर एका बाजूला लोंबली असती. शेजारची म्हणाली, तबियत ठीक नहीं है क्या? मी म्हटलं, हो, डोकं दुखते. दोन्ही बाजूंना पांढरेशुभ्र कडे, खाली नर्मदा, आणि मी पूर्ण वेळ स्वतःच्या पदराकडे पाहत बसले. परतताना बसमध्येच ठरवलं, बस झालं आता.

डॉक्टरीणबाईंनी तपासून शांतपणे सांगितलं, की असं पुष्कळींचं असतं, यात लाज वाटण्यासारखं काही नाही, स्नायूखाली सिलिकॉनची पिशवी बसवू. सोनारानं कान टोचलेले बरे म्हणतात ते खरं आहे. घरी येऊन मी आईला सांगितलं, आणि घरात जी काही आग लागली! नाकापेक्षा मोती जड करून राहिली तू, म्हणे. देवानं दिलं तसं राहावं माणसानं. बाबांनी पेपर तोंडासमोर धरला तो खाली घेतलाच नाही.

मग आईनं हुकमाचा पत्ता काढला. आम्ही मूळचे विदर्भातले, आमच्या घरी भाद्रपदात उभ्या महालक्ष्म्या असतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा. लोखंडी सांगाड्यांना साड्या नेसवायच्या, दागिने घालायचे आणि वर पितळी मुखवटे चढवायचे. आईचे गुडघे गेल्यापासून हे काम माझं. ऑपरेशन केलं, की महालक्ष्म्यांपर्यंत तुझे हात खांद्याच्या वर जाणार नाहीत, आई म्हणाली, मग बसवणार कोण? माझंही डोकं फिरलं. मी म्हटलं, मीच बसवणार, आणि तुझ्या गादीशिवाय बसवणार.

"पाहू," आई म्हणाली. त्या एका शब्दाच्या जोरावर मी पुढची सगळी दुखणी काढली.

आणि दुखणं म्हणजे काय, ते मला तोवर माहीतच नव्हतं, बापा. शुद्धीवर आले तर छातीवर कोणी पाटा ठेवून दिल्यासारखं वाटलं. भुलीच्या औषधानं उलट्या, आणि प्रत्येक उलटीला जीव डोळ्यांत. घरी आल्यावर कळलं, की छातीचा स्नायू माणूस कशाकशाला वापरतो. दाराची कडी काढायला, फ्रिज उघडायला, टूथपेस्ट दाबायला, चादर ओढायला. एकदा शिंक आली तेव्हा मी सात पिढ्यांना हाका मारल्या. वेदनेच्या गोळ्यांनी पोट असं गच्च झालं, की छातीपेक्षा त्याचीच चिंता मोठी झाली आणि ईसबगोल आमचं कुलदैवत झालं.

मी तुझ्याकडे पाहणारही नाही, असं म्हणालेली आई दवाखान्यातून मला घरी आणल्यापासून हजर होती. पलंगावरून उठवताना ती माझ्या पाठीमागं हात घालायची, पण नजर भिंतीकडे. खिचडी भरवायची, नजर ताटात. माझे हात वर जात नव्हते म्हणून रोज सकाळी माझी वेणी घालायची, शाळेत घालायची तशी करकचून. बोलायची नाही. दुखते का, एवढंही तिनं कधी विचारलं नाही. मला त्याचं ऑपरेशनपेक्षा जास्त लागलं.

पट्टी उघडली त्या दिवशी मी आरशासमोर ढसाढसा रडले. नवी छाती सुजलेली, दगडासारखी टणक, आणि गळ्याखाली कुठंतरी वर चढून बसलेली. आधी एक नव्हती, आता एक वर आणि एक खाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धीर धरा, स्नायू सैल होईल तशी ती खाली उतरेल. घरी आल्यावर आई मशीनवर बसली आणि सणासाठी आणलेल्या राणी रंगाच्या रेशमी कापडाचा माझा ब्लाउज शिवू लागली. जवळ जाऊन पाहते तर डाव्या बाजूला आतून गादी. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, राहू दे, लागेलच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

टाके भरून आल्यावर व्यायाम सांगितला होता, भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. आमच्या स्वयंपाकघरात कॅलेंडर टांगलेलं असते. सुरुवातीला माझी बोटं त्याच्या तळाशीच अडली. रोज दात-ओठ खात एकेक तारीख चढत गेले. मधेच आत वीज चमकल्यासारखी सणक जायची. बधिर झालेल्या नसा जाग्या होऊन राहिल्यात, हे चांगलं लक्षण आहे, असं बाई म्हणायच्या. त्यांना काय जाते म्हणायला! पण एका सकाळी बोटं कॅलेंडरच्या खिळ्याला टेकली आणि मी अशी किंचाळले, की बाबा अर्ध्या दाढीला साबण घेऊन धावत आले. त्यांनी खिळ्याकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं. मग हातोडी आणून वीतभर वर दुसरा खिळा ठोकला. त्या माणसाचं माझ्यावरचं प्रेम मला तेव्हा पहिल्यांदा इतकं स्वच्छ दिसलं.

दरम्यान छाती खरंच खाली उतरत होती, मऊ होत होती. मी कोणाला सांगितलं नाही.

महालक्ष्म्या आल्या. डॉक्टरीणबाईंची परवानगी माझ्या खिशात होती, पण आईनं मला हात लावू दिला नाही. दुखऱ्या गुडघ्यांनी तीच सांगाड्यांभोवती फिरली, आणि मी खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकत राहिले. ज्येष्ठा छान सजली. कनिष्ठेचा पदर काही केल्या बसेना, डाव्या खांद्यावरून घसरून राहिला. आईनं मागं होऊन पाहिलं, तोंडातल्या तोंडात पुटपुटली आणि जुन्या लुगड्याची चिंधी घेऊन कनिष्ठेच्या ब्लाउजात डावीकडे भरू लागली. तरी कमीच पडत होतं. तिचा सांगाडा डावीकडे मुळातच चपटा; मीही किती वर्षं तिथं अशीच चिंधी भरत आले होते, पण खुर्चीत बसून पाहिल्याशिवाय मलाही दिसलं नव्हतं.

"आई," मी म्हटलं, "काहून भरून राहिली? देवानं दिलं तसं राहू दे ना तिचं."

आईचा हात तिथंच थांबला.

"साडी नीट बसत नाही तिची," ती म्हणाली.

"माझीही बसत नव्हती."

बाबांनी पेपर खाली ठेवला. आईनं कनिष्ठेच्या ब्लाउजातली चिंधी काढून घेतली. मग ती आत गेली. मला वाटलं, रुसली, झालं आता. पण ती बाहेर आली ती माझा राणी रंगाचा कोरा ब्लाउज आणि छोटी कात्री घेऊन. माझ्यासमोर खाली बसून तिनं एकेक टाका उसवला, तिनंच घातलेला, आणि कापसाची गादी अलगद बाहेर काढली. सोवळ्याच्या बाबतीत आई कडक, पण हा कापूस कोणाच्या अंगाला लागलेला नव्हता. उठून तिनं ती गादी कनिष्ठेच्या डाव्या बाजूला ठेवली. पदर चापूनचोपून बसला.

"घालून ये," ब्लाउज माझ्याकडे देत ती म्हणाली.

मी घालून आले. आईनं माझ्याकडे पाहिलं. भिंतीकडे नाही, ताटात नाही, सरळ माझ्याकडे, जसं ती महालक्ष्मीच्या निऱ्यांकडे पाहते. डोळ्यांना पदर लावला. मग पहिल्यांदा विचारलं, दुखते का गं?

दुखते, मी म्हटलं, आणि मुखवटा उचलला. पितळेचा, पाण्यानं भरलेल्या तांब्याएवढा जड. हात खांद्याच्या वर गेले. छातीत सणक आली, येऊ दे म्हटलं. बाबांच्या दुसऱ्या खिळ्याच्याही वर गेले असतील. कनिष्ठेचा मुखवटा मी चढवला, मग ज्येष्ठेचा, आणि बाबांनी घंटा वाजवायला घेतली ती थांबवेचनात.

आई आंबील ढवळायला वळली. जाता जाता म्हणाली,

"सण झाला की गोरखपूरच्या बाजारात जा आणि माप देऊन ये. तुझे ब्लाउज आता मी नाही शिवणार."