प्रशांत भिंगारदिवेची फुंकर

प्रशांत भिंगारदिवेला नाटकाचं वेड कॉलेजापासूनच. सुप्याच्या एका कारखान्यात तो लेथवर काम करायचा. पहाटे नगरला सावेडीच्या नाक्यावर कंपनीची बस पकडायची, आठ तास मशीनपुढं उभं राहायचं आणि परतल्यावर जेवणाआधी तालमीला पळायचं, हा त्याचा दहा वर्षांचा नेम. सत्त्याण्णव साली कामगारांच्या एका स्पर्धेत पुण्याच्या दिग्दर्शकानं त्याला पाहिलं आणि टीव्हीच्या विनोदी मालिकेत घेतलं. मालिकेचं नाव 'भाडेकरू बाबा'. नोकरी न सोडता, रजा टाकून तो चित्रीकरणाला जायचा.

गोष्ट साधीच होती. एक कुटुंब माडीवरची खोली भाड्यानं देतं आणि भाडेकरू निघतो बाबा. हा बाबा, म्हणजे प्रशांत, दिसेल त्याच्यावर फुंकर मारायचा. बंद पडलेल्या पंख्यावर, नापास पोरावर, उतू जाणाऱ्या दुधावर. दर वेळी काम आणखीच बिघडायचं. तरी घरातली आजी त्याच्या पाया पडतच राहायची आणि बघणारे पोट धरून हसायचे.

सगळ्यांत जास्त हसायचे प्रशांतचे वडील भिमाजी. छप्पन्न साली दीक्षा घेऊन आल्यावर त्यांनी घरातले देव टोपलीत भरून सीना नदीत सोडले होते. त्यांची आई त्यावरून आठ दिवस नीट जेवली नव्हती. मंगळवारी मालिका लागली की म्हातारा खुर्ची पुढं ओढून बसायचा आणि म्हणायचा, "आमी जे भाषणं करून सांगितलं, ते ह्यो फुंकरीत सांगतोय." आयुष्यात पहिल्यांदाच वडील आपलं नाटक मन लावून बघतायत, याचंच प्रशांतला अप्रूप.

दिवाळीच्या सुमारास पेपरात त्याचा फोटो छापून आला, खाली सावेडीचा पत्ता. त्यानंतर पंधरा दिवसांनी, सुट्टीच्या दिवशी, दारात छबूबाई उभी राहिली.

घोडेगावच्या पलीकडच्या वस्तीवरून ती एसटीनं आली होती. बरोबर दहा वर्षांची मुलगी, ज्ञानेश्वरी. पोरीच्या कपाळावर जुनी खोक होती आणि ती प्रशांतकडं बघून तोंडावर हात ठेवून हसत होती.

"हिला फेफरं येतं," छबूबाई म्हणाली. "एक फुंकर मारा, बाबा."

प्रशांतला आधी थट्टाच वाटली. मग बाईचे डोळे पाहून त्यानं तिला घरात बसवलं, पाणी दिलं आणि शांतपणे सांगितलं की तो बाबा नाही, नट आहे. दाढीसुद्धा चिकटवलेली असते.

"ठाऊक हाय मला. आमी बी टीव्ही बघतो."

"मग कशाला आलात?"

"दवाखाना झाला. शिंगणापूर झालं, बाकीचे देव झाले. आता तुमीच राहिलात."

"डॉक्टरनी गोळ्या दिल्यात का?"

"देतोय की. पर किती वरसं द्यायच्या?"

त्यानं शेवटचा उपाय करून पाहिला. "मावशी, आम्ही बौद्ध. आमच्यात देव नसतो, बाबा नसतो."

छबूबाईनं पदरानं पोरीचं तोंड पुसलं. "आसूं द्या. दुखण्याला जात नसती."

भिमाजी आतून येऊन तिला चार शब्द कडक बोलले, पण बाई जागची हलली नाही. दुपार कलली. परतीची एसटी चुकेल म्हणून शेवटी प्रशांतच घायकुतीला आला. त्यानं पोरीच्या कपाळावर हलकेच फुंकर मारली. ज्ञानेश्वरी खुदकन हसली. छबूबाईनं डोळे मिटून हात जोडले आणि ती एसटीच्या वाटेला लागली.

भिमाजी खुर्चीवर बसून होते. "मी देव नदीत सोडले," ते म्हणाले, "आन् तू दारात आनून बसवलास."

"तात्या, काय करायला पाहिजे होतं मी?"

भिमाजी खुर्ची भिंतीला सारून आत गेले.

माघ महिन्यात घोडेगावच्या बाजारचा एक माणूस कारखान्यात नातेवाइकाला भेटायला आला होता. त्याच्याकडून प्रशांतला कळलं, ज्ञानेश्वरी चुलीपुढं भाकरी शेकताना फेफरं येऊन पडली आणि तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. फुंकर मारून आणल्यापासून घरच्यांनी गोळ्या बंद केल्या होत्या.

त्या दिवशी लेथवर त्याच्या हातून दोन सुटे भाग बिघडले. दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो वस्तीवर गेला. पत्र्याच्या घरात पोर हाताला चिंध्या गुंडाळून खाटेवर बसली होती. वाटेत त्यानं मनाशी ठरवलं होतं, बाईनं शिव्या दिल्या तर ऐकून घ्यायच्या, अंगावर आली तरी मागं सरायचं नाही. छबूबाईनं त्याला बसायला घोंगडी अंथरली आणि चहा ठेवला.

"माझ्यामुळं झालं हे, मावशी."

"न्हाई वो. तुमची फुंकर लई गुनाची. महिनाभर काय सुदीक झालं न्हाई. आमच्याच हातून कायतरी चुकलं आसंल. सोमवारी उपास मोडला मी, त्येच."

प्रशांतनं तिला परोपरीनं समजावलं. गोळी अंगात असते तोवर फेफरं दबून राहतं, बंद केली की उलटतं, असं डॉक्टरला विचारून आलेलं सगळं सांगितलं. ती मान डोलवत राहिली. तो थांबला तेव्हा म्हणाली, "तुमी एवढ्या लांबून आलात, ह्येच पोरीचं नशीब." आणि वाकून त्याच्या पाया पडली. त्याला पाय मागं घ्यायलाही जागा नव्हती, मागं धान्याची कणगी होती.

पुण्याला फोन करून त्यानं काम सोडलं. दिग्दर्शक चिडला, मग त्यानं दुसरा नट उभा केला. मालिका आणखी वर्षभर चालली. मंगळवारी भिमाजी टीव्ही न लावता लवकर जेवून घेत.

ज्ञानेश्वरीच्या गोळ्या प्रशांत स्वतः नगरहून नेऊ लागला. महिन्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी. सकाळी एक, रात्री एक, असं दर खेपेला तो छबूबाईकडून वदवून घ्यायचा. ती न चुकता म्हणून दाखवायची. पुडकं हातात आलं की मात्र आधी कपाळाला लावायची, पाच मिनिटं देव्हाऱ्यात ठेवायची आणि मग पोरीला गोळी द्यायची. दवाखान्याच्या गोळ्या ती कधीमधी विसरायची. ह्या विसरायची नाही, कारण ह्या बाबाच्या हातच्या.

फेफरं हळूहळू थांबलं. पोर शाळेत जाऊ लागली, डाव्या हातानं लिहायला शिकली. वस्तीवर याचं श्रेय गोळ्यांना कुणीच दिलं नाही. कुणाचं पोर आजारी पडलं की बाया छबूबाईकडं पत्ता विचारायला यायच्या आणि ती तो द्यायची. प्रशांतनं तिला एकदा बजावून पाहिलं, दुसऱ्यांदा हात जोडले. तिसऱ्यांदा पुडकं देऊन, पोरीच्या हाताकडं न बघता, तो घोडेगावच्या फाट्याकडं चालू लागला.