चोवीस काचा

लढाईची वर्षं होती. रॉकेलची मारामार असतानाही माझ्या मॅजिक लँटर्नपुरतं ते मिळायचं, आणि त्या तोऱ्यात मी कर्जतहून बैलगाडीनं गावोगाव फिरायचे. काचेवरची चित्रं पडद्यावर मोठी करून दाखवायची आणि पोरांना देवी टोचून घ्या म्हणून बायकांना पटवायचं, हे माझं काम. टोचायला एक शांत म्हातारे गृहस्थ बरोबर असत. काचा चोवीस होत्या, आणि माझी बडबड त्यांना पुरून उरायची.

कडावच्या बायकांना दुपारचीच सवड. म्हणून भाताच्या गोदामाची दारं लावून, फटींत गोणपाट कोंबून अंधार केला. खालापूरकडून देवीची साथ सरकत येत होती, त्यामुळे मी घाईत होते. अगदी पुढे एक तरुण बाई मांडीवर दोनेक वर्षांचा मुलगा घेऊन बसली होती. मुलगा गुटगुटीत होता आणि फार हसरा.

नवव्या काचेवर अंगभर फोड आलेलं मूल होतं. ते भिंतीएवढं होऊन समोर आलं, आणि सगळ्या बायकांनी एकदम हात जोडले. त्या तरुण बाईनं अंबाड्यातलं फूल काढून पडद्याखाली ठेवलं. ज्याच्या अंगावर देवी आली त्याला नमस्कार करायचा, त्याच्यासमोर वेडंवाकडं बोलायचं नाही, ही तिथली रीत. मला ती चांगली माहीत होती. पण अजून पंधरा काचा उरल्या होत्या आणि माझं डोकं फिरलं.

"हा रोग आहे, रोग! हात काय जोडता?" मी ओरडले.

जोडलेले हात पदराआड गेले. उरलेल्या पंधरा काचा मी भराभर उरकल्या.

दारं उघडल्यावर टोचून घ्यायला एकही बाई थांबली नाही. ती तरुण बाईही मुलाला पदराखाली घेऊन, माझ्याकडे न बघता निघून गेली. परतताना म्हातारे एवढंच म्हणाले, "ताई, त्या फुलापाशी थांबायला हवं होतं." मी कर्जत येईपर्यंत तोंड फुगवून बसले.

दीड महिन्यानं पुन्हा कडावला गेले, तोवर साथ गावात शिरली होती. या वेळी मी चारच काचा नेल्या होत्या. त्याच अंधाऱ्या गोदामात बायका आल्या, तीही आली. मुलगा तिचं बोट धरून चालत होता. त्याच्या तोंडावर खोल वण होते आणि डावा डोळा पांढरा पडला होता.

त्याच्यावर उजेड पडू नये म्हणून मी लँटर्नचा दिवा बारीक करायला गेले, तर तिनं माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे, बाय. बघू दे समद्यांना." मग हळूच म्हणाली, "तवा मला इचारायचं व्हतं, टोचलं तर देवी रागावंल का म्हनून. तू वरडलीस, मंग इचारलंच नाय."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

मी तिच्यापाशी जमिनीवर बसले. नाही रागावणार, म्हणाले, आणि का ते सावकाश सांगितलं. बायका एकेक करून विचारत गेल्या, मी सांगत गेले. काच एकही लावली नाही. त्या दुपारी टोचायला सर्वांत आधी तिच्या जावेची तान्ही मुलगी पुढे आली. तिचा इवलासा दंड हिनंच घट्ट धरून ठेवला होता.