फेलिस्बेर्ताचे बूट

देओलिंदो मोची त्र्याहत्तर वर्षांचा होईपर्यंत पेद्रा फुंदा वस्तीच्या एकाही सभेत बोलला नव्हता. बोलण्याजोगं असतं ते लोक आधीच बोलून टाकतात, असा त्याचा अनुभव होता.

वस्तीची मूळ आजी फेलिस्बेर्ता. गुलामीतून सुटून तिनं इथं पहिली चूल मांडली. अकरा वर्षं अर्ज केल्यावर नगरपालिकेनं चौकात तिचा पुतळा मंजूर केला आणि साल्व्हादोर शहरातून शिल्पकार मातीचा नमुना घेऊन आला. आजी अनवाणी होती.

सभेतले सगळे तिच्या पायांकडे बघू लागले. गुलामाला जोडे घालायची बंदी असे; म्हणून इथं बाप्तिस्म्याच्या बाळालाही बूट घालतात आणि मेलेल्यालाही. निम्म्या वस्तीचे देओलिंदोनंच शिवलेले.

"पायात बूट हवेत," वस्तीची अध्यक्ष जासिरा म्हणाली. "देओलिंदोकाका, शिल्पकाराला बघून घडवायला एक जोड तुम्ही करा."

काकानं मान डोलावली. घरी मात्र त्याला कातर धरवेना. त्याच्या आजीनं सांगितलेलं त्याला पक्कं आठवत होतं. फेलिस्बेर्तानं सुटल्यावर पहिली खरेदी बुटांची केली, पण तीस वर्षं अनवाणी राबून फताडे झालेले पाय त्यात जाईनात. मग ती मरेपर्यंत बूट खांद्यावर टाकून चर्चला जायची. हे ठाऊक असलेला आता तो एकटाच उरला होता. गप्प बसला तर गोष्टही त्याच्याबरोबर पुरली जाणार होती, अर्थात बूट घालून.

पुढच्या रविवारी सभेत तो बोलला: सगळी गोष्ट सांगितली, आणि बूट पायात नको, खांद्यावर हवेत म्हणाला.

"म्हणजे आजीला स्वतःचं माप कळत नव्हतं, असं चौकात मांडायचं?" जासिरानं विचारलं. "शहरातले हसतील."

"दुकानात तेव्हा मालकिणींच्याच मापाचे मिळायचे." त्यानं पिशवीतून जोड काढला. "तसेच केलेत. घाल."

"मी?"

"तिचेच पाय आलेत तुला. तुझे बूट मी शिवतो, मला नको शिकवू."

"घाला की अध्यक्षबाई," मागून कोणीतरी म्हणालं. "ठराव समजून घाला."

जासिरानं पाय कोंबला, आपटला. निम्म्यात अडकला.

"ती यात चालायची कशी?"

"नाहीच चालायची. तेच सांगतोय."

"मग बाळगायचे कशाला?" शिल्पकारानं विचारलं. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहुण्याकडे बघावं तसं बघितलं.

"तिचे होते म्हणून," जासिरा म्हणाली. "खांद्यावर दाखवा. चला, हात वर करा."

हात वर झाले. देओलिंदोचं मत तेवढं राहिलं. तो खाली बसून जासिराच्या पायातला बूट ओढत होता.