एन, जे दोनशे सोळा

बाजारात त्याला सगळे 'नंबरवाले' म्हणत. बेअरिंगच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून त्याचं आयुष्य गेलं होतं. नवं गिऱ्हाईक नंबर बघून भांबावलं की तो म्हणे, "माणसासारखंच बघायचं. पुढची अक्षरं म्हणजे घराणं. मधले आकडे अंगकाठी. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणलं की शाफ्टचं, म्हणजे आत फिरणाऱ्या दांड्याचं, माप मिळतं. सोळा म्हणजे ऐंशी मिलिमीटर. आणि मागे सी थ्री असेल तर स्वभाव मोकळा. आत जरा जास्त जागा. गरम ठिकाणी तेच टिकतं."

"आणि भांडखोर निघालं तर?"

"तर घराणं बघण्यात चूक झाली समजायचं."

गिऱ्हाईक हसे, खोकं घेऊन निघून जाई. मग पुन्हा काउंटर, पंख्याची घरघर आणि भिंतभर खोकी.

बायको गेल्यापासून घरात आवाज असा नव्हताच. मुलगी लांब होती. फोन करी, औषधं घेतली का विचारी, ठेवून देई. दुकानाचे मालक तोंड उघडत ते ओरडायलाच. बोलणं म्हणावं असं एकच उरलं होतं. कागद कारखान्यातला मिस्त्री फोन करायचा. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. मिस्त्री आधी नंबर सांगे आणि मग गाडी रुळावरून उतरे: दुखरा गुडघा, सुनेने केलेली भांड्यांची अदलाबदल, कारखान्याच्या फाटकातलं आळशी कुत्रं. नंबर हे निमित्त होतं. हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघांनीही ते कधी बोलून दाखवलं नव्हतं.

त्या दिवशीही फोन आला. "नंबरवाले, कागद वाळवायचा मोठा पंखा खोललाय. एन, जे दोनशे सोळा मागच्या खेपेला दिलं होतंत, ते पाठवा. सी थ्री. आणि ऐका, आमच्या कुत्र्याने काल साहेबाचा बूट पळवला!"

त्याने नंबर टिपला आणि कान बुटाकडे लावला. खूप दिवसांनी तो मोठ्याने हसला. संध्याकाळच्या टेम्पोने खोकं गेलं.

घरी पोचला तर मुलीचा फोन. "बाबा, ते कपाट, जे आईचं होतं ते, काढून टाका ना आता. उगाच जागा अडवतंय."

"जे," तो म्हणाला.

"काय जे?"

"काही नाही. ठेव तू."

एन, जे दोनशे सोळा. मिस्त्रीने एन मागितलं होतं. त्याने एनजे पाठवलं होतं. मधला जे अक्षर नव्हता, बोलण्यातला साधा जे होता. फोनवर तो स्वतः वाक्य संपायची वाट बघत नव्हता, गप्पा सुरू व्हायची वाट बघत होता.

त्याने मिस्त्रीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तेच.

सकाळी दुकान उघडताच त्याने फळीवरून एन दोनशे सोळा उतरवलं, पिशवीत घातलं आणि मालकांचं ओरडणं पाठीवर घेऊन बस पकडली.

मिस्त्री आवाजावरून धिप्पाड वाटायचा. निघाला किडकिडीत. हात तेलाने माखलेले. "तुम्ही नंबरवाले? अहो, इथे कसे? बसवलं की बेअरिंग! आता चालूच करतोय पंखा."

"नका करू. एनजे आलंय ते."

"पण बसलं तर चपखल!"

"बसणारच. माप तेच आहे. पण हे शाफ्टचं मोकळं टोक ना? तापल्यावर शाफ्ट लांब होणार, त्याला दोन्हीकडे सरकायला वाव हवा. एनमध्ये तो असतो. एनजेला एका बाजूने काठ आहे. तिथे अडेल, आणि मग जळेल."

मिस्त्रीने कपाळावर हात मारला. कपाळ काळं झालं. "रिंगवर लिहिलेलं असतं हो. मी वाचलंच नाही. तुमच्याकडून आलं म्हटल्यावर कोण वाचतंय?"

हे वाक्य शिवीपेक्षा जास्त लागलं.

बेअरिंग बदलून झालं. पंखा सुरू झाला, बराच वेळ चालला, तापला नाही. मग दोघे चहा घेऊन बाकावर बसले. फोनवर न थांबणारा मिस्त्री पेल्यात बघत होता.

"गुडघा कसाय?"

"आहे."

यंत्रांचा आवाज मध्ये येऊन बसला होता. शेवटी नंबरवालेच म्हणाला, "यापुढे तोंडी नंबर नको. जुन्या रिंगचा फोटो काढून पाठवत जा."

"म्हणजे फोन नाही करायचा?"

"नंबरासाठी नको. एरवी करा की, कधीही."

"हो हो, करीन ना," मिस्त्री म्हणाला. कामाशिवाय फोन करणाऱ्यांतला तो नव्हता. आणि नंबरवालेही नव्हता.

आता फोटो येतात. रिंगवरचं अक्षर न् अक्षर स्वच्छ दिसतं, चूक व्हायची सोय नाही. नंबरवाले खोकं काढतो, "पाठवलं" असं लिहितो. मग कधीकधी फोटो बोटांनी मोठा करून बघत बसतो. कडेला मिस्त्रीचा अंगठा आलेला असतो, नखात वंगण. एकदा त्यावर पट्टी बांधलेली होती. काय लागलं, हे विचारायला त्याने फोन हातात घेतला. बराच वेळ नाव समोर धरलं. मग गिऱ्हाईक आलं, नंबर सांगू लागलं, आणि तो वाक्य पुरतं संपेपर्यंत ऐकत राहिला.