पेज तिची, नाव माझं

दोन हजार चारच्या सुमारास अमेरिकेत, मॉरिसव्हिलमधल्या आमच्या सल्लागार कंपनीच्या ऑफिसात तळलेलं चिकन विकणाऱ्या एका अमेरिकन साखळीचं काम आलं. त्यांना चीनमधल्या दुकानांत सकाळचा नाश्ता सुरू करायचा होता. साहेबांनी ते माझ्यावर सोपवलं, कारण आशिया म्हणजे एकच गल्ली, असा त्यांचा ठाम समज. माझं चायनीज म्हणजे पुण्यातल्या गाडीवरचं लालभडक मंच्युरियन. तरी 'मला माहीत नाही' म्हणायला जीभ रेटेना.

शेजारच्या क्युबिकलमध्ये एक चिनी बाई डेटा एन्ट्री करायची. आमची डब्यांची देवाणघेवाण चाले. आपल्या रीतीप्रमाणे मी तिचा डबा कधी रिकामा परत केला नाही, आणि त्यातूनच आमचं जमलं. साखळीचा बेत तिला दाखवला तर ती हसून हसून बेजार झाली. तांदळाची पेज म्हणे कपात, स्ट्रॉ लावून, गाडीत प्यायची!

"अगं, ती फुंकत, निवांत बसून खायची असते," ती इंग्रजीत म्हणाली.

मग रोज जेवताना ती सांगायची आणि मी लिहून घ्यायचे. सोबत तळलेल्या कणकेची लांब कांडी हवी. सकाळी म्हातारी माणसं आधी येतात, त्यांना टेबलं द्या, घाईने उठवू नका. मीटिंगमध्ये मी हे सगळं झोकात मांडलं. क्लायंट खूश झाला.

"हे सगळं तू शोधलंस?" साहेबांनी विचारलं. मी नुसती हसले.

आठवड्याभरात कळलं, या कामासाठी शांघायला सहा महिने एक माणूस पाठवायचाय. तिची आई त्याच शहरात एकटी होती, पक्षाघाताने एक हात गेलेला. एवढी रजा तिला एरवी मिळणं शक्यच नव्हतं.

"ते तुझं ऐकतात," ती मला म्हणाली. "पेजेचं मी सांगितलं, एवढंच सांग ना त्यांना."

मी हो म्हटलं. घरी नवरा उखडला. "वेडी आहेस का, यार? ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे आणि तू बॉसला सांगणार, प्रेझेंटेशन माझं नव्हतं?"

त्याच्यावर खापर फोडणं सोपं आहे. पण त्याने अडवलं नसतं तरी मी बोलले नसते. मला ती वाहवा सोडवत नव्हती. आजही हे लिहिताना लाज वाटते.

साहेबांच्या दारापर्यंत दोनदा गेले आणि दोन्ही वेळा प्रिंटरकडे वळले. शेवटी सेल्समधल्या एकाची निवड झाली. त्याने जन्मात पेज पाहिली नव्हती.

त्या दुपारी ती माझ्या टेबलाशी आली. "बोललीस का गं?"

"बोलले," मी म्हटलं. "पण ते नाही म्हणाले."

तिने माझा हात हातात घेतला. "तू माझ्यासाठी शब्द टाकलास," ती म्हणाली. "इथे एवढंही कोणी करत नाही."